स्वभाव बिघडला की मेंदू आजारी आहे?

समजा, जबलपूरच्या आयुध कारखान्यात पंचवीस वर्षे चोख नोकरी केलेले पन्नाशीतले गृहस्थ एकाएकी चारचौघांत वाटेल ते बोलू लागले, पगार उधळू लागले, पत्नी तापाने फणफणली तरी साधी विचारपूस करीनासे झाले. नातेवाईक वाईट संगतीला दोष देतात, कुणी बाहेरची बाधा म्हणते. पण हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असू शकतो.

यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग झिजतो. प्रागचे डॉ. अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये असा रुग्ण नोंदवला. आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत असते, म्हणून शंकाच येत नाही. काहींची आधी भाषा अडखळते. अभिनेते ब्रूस विलिस यांचे असेच झाले. २०२३ मध्ये त्यांचे निदान जाहीर झाले.

अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. एमआरआयबरोबर थायरॉइड, बी-१२ यांच्याही तपासण्या होतात, कारण ते दोष सुधारता येतात. हा आजार बरा करणारे औषध नाही. अल्झायमरच्या गोळ्याही सहसा लागू पडत नाहीत. मात्र चिडचिड, अस्वस्थता औषधांनी कमी होऊ शकते.

घरात वाद घालू नका, दिनक्रम ठरावीक ठेवा. एटीएम कार्ड, चेकबुक, स्कूटरची किल्ली सांभाळा. सांभाळणाऱ्या गृहिणीला आठवड्यातून काही तास तरी मोकळे करा. मन थकले तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आणि एक लक्षात ठेवा : साहेबांच्या तक्रारींना कंटाळून राजीनामा लिहून देण्याआधी निदान करून घ्या. त्या कागदावर घराची पुढची वर्षे अवलंबून असतात.