कारागृहातील मनोव्याधी

कारागृहातील एखादा बंदी हाक मारली असता उत्तर देत नाही, अन्न नाकारतो, अथवा रात्रभर दारावर धडका देतो. प्रथमदर्शनी हे वर्तन शिस्तभंगाचे वाटते. परंतु शिस्तभंग आणि रोग यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. त्यांतील भेद ओळखणे हे वैद्यकाचे काम होय.

मद्यासक्त मनुष्याचे उदाहरण घ्या. अटक होताच त्याचे मद्य एकाएकी तुटते. वर्षानुवर्षे मद्याने दडपलेली मज्जासंस्था आता अनावर चेतते. पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. पुढे दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना कंप, ज्वर आणि भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. अशा अवस्थेत तो पहारेकऱ्याच्या अंगावर धावून गेला, तर त्यास उद्धट कसे म्हणावे? त्याला एकान्त कोठडीत टाकणे धोक्याचे असते, कारण उपचारांवाचून हा विकार प्राणघातक ठरू शकतो.

या व्याधी विरळा नाहीत. बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने ५,०२४ बंद्यांची पाहणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार त्यांपैकी ४,००२ जणांत मनोविकार अथवा व्यसन आढळले. व्यसने वगळली तरी १,३८९ जण, म्हणजे शेकडा २७.६, मनोविकाराने ग्रस्त होते.

सुटकेनंतरचे दिवसही निर्धोक नसतात. अफूजन्य द्रव्यांवाचून काही काळ गेला की ती सोसण्याची शरीराची शक्ती ओसरते. बाहेर पडलेला मनुष्य मात्र जुनीच मात्रा घेतो आणि श्वसन मंदावून दगावतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ बंद्यांचा अभ्यास झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका राज्यातील इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता; मादक द्रव्यांची अतिमात्रा हे त्याचे प्रमुख कारण होते.

गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना कारागृहात डांबणे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली घटनाबाह्य ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यातील निदान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची व्यवस्था बंधनकारक केली. दाखल होतानाच तपासणी, आत असताना औषधोपचार आणि सुटकेनंतरही तोच उपचार, ही साखळी अखंड राहिली पाहिजे. न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य हरण करण्याची. रोगात खितपत पडणे हा तिचा भाग नाही. आणि कच्च्या कैद्याचा तर गुन्हाही अद्याप सिद्ध झालेला नसतो.