एक कोटीत एक रुपया

एक कोटी रुपये समोर मांडा, सगळे एक-एक रुपयाच्या नाण्यांत. आता त्यातलं एकच नाणं उचला. दगडी कोळशात पारा साधारण एवढाच असतो: टनामागे 0.1 ग्रॅम. खाणीगणिक आणि थरागणिक तो बदलतो, कुठे कमी, कुठे बराच जास्त. पण हिशेबाला सोपा म्हणून आपण हाच आकडा धरू आणि चंद्रपूरला जाऊ.

ऊर्जानगरचं महाऔष्णिक वीज केंद्र. 1983 साली पहिला संच सुरू झाला, आज क्षमता 2,920 मेगावॅट. सगळे संच पूर्ण ताकदीनं चालले तर दिवसाला 7 कोटी युनिट वीज! युनिटमागे 700 ग्रॅम कोळसा म्हटलं तर दिवसाला 49 हजार टन! पण कुठला ना कुठला संच दुरुस्तीला असतोच, म्हणून आपण हात आखडता घेऊ आणि 30 हजार टनच धरू. तरीही रोज आठ मालगाड्या भरतात, प्रत्येकीला 58-59 वॅगन. वर्षाच्या झाल्या जवळपास 2,900 गाड्या. त्या एकीमागे एक उभ्या केल्या तर मुंबई-पुणे हा 192 किलोमीटरचा लोहमार्ग साडेनऊ वेळा भरेल.

आता या गाड्यांत पारा शोधू. एका वॅगनमध्ये 65 टन कोळसा, त्यात पारा साडेसहा ग्रॅम. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे आकारानं तो फार छोटा. अख्ख्या वॅगनमागे जेमतेम दहा थेंब! अख्ख्या मालगाडीत दोन मोठे चमचे. दिवसाच्या आठही गाड्यांचा मिळून एक पेला. आणि वर्षाचा? 1 कोटी 9 लाख टन कोळशातला सगळा पारा गोळा केला तर तेलाचे पाच डबे भरतील. पाच डबे, बस्स. वजन मात्र सुमारे 1,095 किलो. डबा उचलायला जाल तर हलणार नाही, कारण एकेक डबा दोनशे किलोंच्या वर!

पारा 357 अंशांना उकळतो आणि भट्टीतली आच हजार अंशांच्या पुढे. त्यामुळे कोळसा पेटला की पाऱ्याची वाफ होणारच. काही पारा राखेला चिकटून राखेच्या बंधाऱ्यात जातो, काही धुराबरोबर चिमणीतून वर. वाटणी संचागणिक वेगळी. आपण पाची डब्यांचा हिशेब धरून पुढे जाऊ, कारण खरी गंमत इथूनच सुरू होते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक सांगतं, लिटरमागे पारा 0.001 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे शंभर कोटीत एक रुपया. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये असायचा तो ग्रॅमभर पारा घ्या. तो 10 लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेतो! वीस फूट व्यासाची, तीस फूट पाणी असलेली गावातली विहीर डोळ्यांसमोर आणा. अशा पावणेचार विहिरी, एका ग्रॅमला. वॅगनमागच्या दहा थेंबांना चोवीस विहिरी. आणि पाच डब्यांना? 1 लाख 9 हजार कोटी लिटर पाणी. एवढं पाणी विदर्भात साठतं तरी कुठे? वैनगंगेवरच्या गोसेखुर्दमध्ये. तुडुंब भरलेलं गोसेखुर्द धरण 1 लाख 14 हजार कोटी लिटरचं. एका बाजूला पाच डबे, दुसऱ्या बाजूला गोसेखुर्द, आणि काटा जवळजवळ मधोमध!

अर्थात सगळा पारा एका धरणात उतरत नाही. वाफेच्या रूपातला पारा सहा महिने ते वर्षभर हवेत राहू शकतो. काही वाटेत जंगल टिपून घेतं. पूर्वेला गडचिरोली, सुमारे 10 हजार चौरस किलोमीटर जंगल. हवेतला पारा पानं शोषतात आणि पानगळीबरोबर तो जमिनीवर येतो. हेक्टरी 5 टन पालापाचोळा म्हटला तरी जिल्ह्याचा होतो वर्षाला 50 लाख टन, तेराशे मालगाड्या भरून! मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली जा. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळलेला दिसेल, काळं वर्तुळ आणि त्यावर पिवळसर फुलांचा सडा. पाला जळाला, वणवा लागला, की पानांनी धरून ठेवलेला पारा पुन्हा हवेत, पुढच्या प्रवासाला मोकळा.

प्रवास तरी केवढा! चंद्रपूर 20 अक्षांशांवर. तिथून उत्तर ध्रुव 7,800 किलोमीटर, रस्त्यानं मुंबई-पुणे बावन्न वेळा. वर्षभर हवेत राहणाऱ्या पाऱ्याला हे अंतर काहीच नाही. 1995 साली कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, अलर्ट इथे शास्त्रज्ञांनी पाहिलं की ध्रुवीय रात्र संपून सूर्य उगवला की हवेतला पारा काही तासांत नाहीसा होतो. तो बर्फावर उतरतो. तिथून वितळत्या पाण्याबरोबर समुद्रात.

आणि हा सगळ्या जगाचा पारा आहे, एकट्या चंद्रपूरचा नाही. 2015 साली माणसानं हवेत सोडलेला पारा सुमारे 2,220 टन होता, त्यातला पाचवा हिस्सा कोळशाचा. आता आपली ती वीस फुटी विहीर पुन्हा आणा. 2,220 टन पारा तिच्यात ओता. किती भरेल? अठरा फूट. अख्ख्या पृथ्वीवरच्या चिमण्या, सोन्याच्या खाणी, कारखाने, भट्ट्या, सगळ्यांचा वर्षाचा पारा गावातल्या एका विहिरीत मावतो आणि वर बारा फूट जागा उरते! ही एक विहीर सात समुद्रांवर पसरते. म्हणून खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात पारा जेमतेम 0.2 नॅनोग्रॅम. रुपयांत सांगायचं तर पाच लाख कोटीत एक रुपया. महाराष्ट्राचा 2025-26चा अर्थसंकल्प सुमारे 7 लाख कोटींचा, त्यात दीड रुपयासुद्धा नाही!

इतक्या पातळ पाण्यानं कोणाचं काय बिघडणार? पण बघा तर. समुद्राच्या पाण्यात आणि तळाच्या गाळात जिवाणू या पाऱ्याचा मिथिल पारा करतात, आणि मिथिल पारा शरीरात शिरला की निघायचं नाव घेत नाही. माणसाच्या शरीरातून निम्मा जायला दोनेक महिने लागतात. पहिली उडी सगळ्यांत मोठी: पाण्यातून सूक्ष्म वनस्पतींत, दहा हजार ते एक लाख पट, एका झेपेत! त्या वनस्पती मरून तळाशी बसतात. गाळातले किडे, शिंपले, झिंग्यांचे छोटे भाऊबंद तो गाळ चिवडून, गाळून खातात. त्यांना मासे खातात, माशांना मोठे मासे. प्रत्येक पायरीवर पारा आणखी काही पट.

तळ म्हणजे कुठला तळ? मारियाना गर्ता, जवळजवळ 11 किलोमीटर खोल. कळसूबाई 1,646 मीटर. एकावर एक सहा कळसूबाई रचून गर्तेत उभ्या केल्या तरी शिखरावर किलोमीटरभर पाणी! तिथे गडद अंधार आणि पाणी एक-दोन अंशांचं, मे महिन्यात चंद्रपूर 47 अंशांवर भाजत असतं तेव्हाही. 2020 साली मिशिगन विद्यापीठाच्या जोएल ब्लम यांच्या गटानं आणि चीनमधल्या दुसऱ्या एका गटानं त्या गर्तेतले झिंग्यासारखे जीव तपासले. त्यांच्यातही मिथिल पारा निघाला, आणि तो वरच्या समुद्रातून, मेलेल्या जिवांबरोबर बुडत आलेला. हवेत सोडलेल्या पाऱ्याला आता पृथ्वीवर याहून खोल जायला जागाच उरलेली नाही.

थंड पाण्यात भर पडते ती आयुष्याची. तिथले कितीतरी जीव सावकाश वाढतात, खूप जगतात आणि जमवत राहतात. आइसलंडजवळ 2006 साली समुद्रतळातून काढलेला एक शिंपला 507 वर्षांचा भरला. शिवनेरीवर महाराज जन्मले तेव्हा त्याचं वय 131! आणि शिंपला तर साखळीत खालच्या पायरीवर. वरच्या पायरीवर ग्रीनलंड शार्क, तळालगत संथ फिरणारा, मिळेल ते खाणारा. त्याच्या मांसात किलोमागे 1 मिलिग्रॅमच्या वर पारा आढळला आहे. समुद्राच्या पाण्याच्या 50 लाख पट! 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 28 माद्यांचं वय डोळ्यांच्या भिंगावरून काढलं, आणि सर्वांत मोठीचं वय किमान 272 वर्षं ठरलं. म्हणजे ती पानिपताच्या आधी जन्मली. जेम्स वॅटचं वाफेचं इंजिन आलं तेव्हा ती पोहत होती. 1870च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली तेव्हा ती किमान सव्वाशे वर्षांची होती. ऊर्जानगरचा पहिला संच पेटला तेव्हा किमान 240 वर्षांची, आणि अजून खातच होती.