मांजराचा डोळा : घरचा उपाय कधी, डॉक्टर कधी?

भाताची झोडणी सुरू झाली, की पालघर-बोईसरकडच्या गावांत घराशेजारी पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात. धान्य आले की उंदीर येतात आणि उंदीर आले की मांजराचा मान वाढतो. सातपाटी, नवापूरकडे किनाऱ्यावर बोंबील सुकत असले, म्हणजे तिथेही मांजरांची वर्दळ असतेच. गाय-बैल आजारी पडला, तर आपण लगेच धावपळ करतो. मांजराचे मात्र "होईल आपोआप बरे" म्हणून सोडून देतो. इतर दुखण्यांत हे कधी खपून जाते, डोळ्याच्या बाबतीत खपत नाही.

आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. झोडणीचेच दिवस होते. आमची मनी सकाळी उजवा डोळा बारीक करून चुलीपाशी बसली होती. भाऊ पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेला, बाकी सगळी खळ्यावर. आई म्हणाली, "कुसळ गेलं असेल, निघेल आपसूक." संध्याकाळी डोळा पुरता मिटला, पाणी गळू लागले. आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली फळीवर होती. डोळ्याचेच औषध, म्हणून काकूने तेच दोन-दोन थेंब घातले. पहिल्या दिवशी लाली उतरल्यासारखी वाटली आणि सगळे निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरट निळे धुके आले.

मग टोपलीत घालून तिला दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिले आणि आईला विचारले, "मावशी, डोळ्यात काय घातलं होतं?" आईने बाटली दाखवली. तिच्यावरचे नाव वाचून ते म्हणाले, "डोळ्यावर ओरखडा होता. या औषधानं तो भरून येण्याऐवजी खोल गेला. पहिल्याच दिवशी आणली असतीत, तर डोळा वाचला असता." मनी जगली, पुढे कितीतरी वर्षे उंदीरही मारले, पण एकाच डोळ्याने.

निरोगी डोळा कसा असतो?

दुखणे ओळखायचे, तर आधी चांगला डोळा ठाऊक हवा. मांजर दूध पिऊन निवांत बसले असेल, तेव्हा उजेडात समोरून दोन्ही डोळे पाहावेत. ते सारखेच उघडे, स्वच्छ आणि चमकदार असावेत. मधली काळी बाहुली उन्हात बारीक होते, अंधारात मोठी होते, पण दोन्हीकडे सारखीच असते. सकाळी कोपऱ्यात तपकिरी चिपडाचा एखादा कण दिसला, तर काळजी नको.

मांजराला नाकाकडच्या कोपऱ्यात आणखी एक पांढरट पापणी असते. एरवी ती दिसत नाही. दोन्ही डोळ्यांवर ती अर्धवट आलेली दिसली, तर दुखणे बहुधा पोटात किंवा अंगात असते. जंत, हगवण, अशक्तपणा यांचाही त्यात हात असतो. एकाच डोळ्यावर आली असेल, तर त्या डोळ्यालाच काही झाले आहे असे समजावे.

एक दिवस वाट कधी पाहावी?

डोळा पूर्ण उघडा आहे, थोडे पाणी येते आहे, पाणी स्वच्छ आहे, मांजर खाते-पिते आणि खेळते आहे, अशा वेळी एक दिवस थांबायला हरकत नाही. कोंडा, धूळ, चुलीचा धूर यांनी असे होते.

पाणी उकळून कोमट होऊ द्यावे. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकावे. स्वच्छ कापूस त्यात भिजवून नाकाकडून बाहेर असे हलक्या हाताने पुसावे. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. असे दिवसातून दोन-तीन वेळा करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा होता तसाच असेल किंवा जास्त बिघडला असेल, तर दवाखाना गाठावा.

दोन्ही डोळ्यांतून पाणी आणि सोबत शिंका येत असतील, तर ती मांजरांची सर्दी असते. नाक चोंदले की मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ते खात नाही. घरातील दुसऱ्या मांजरांपासून त्याला वेगळे ठेवावे, वाटीही वेगळी करावी. कोमट करून वासाचा मासा पुढे ठेवावा. दिवसभर काहीच खाल्ले नाही किंवा पाण्याचा घट्ट पिवळा पू झाला, तर थांबू नये.

त्याच दिवशी डॉक्टर कधी?

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर हातातले काम ठेवून निघावे :

- डोळा मिटून धरला आहे किंवा मांजर तो सारखा पंजाने चोळते आहे. मांजर दुखणे लपवते. ते डोळा उघडत नाही, याचा अर्थ वेदना मोठी आहे.
- बुबुळावर पांढरा ठिपका, निळसर धुके किंवा खड्डा दिसतो.
- डोळ्यात रक्त आहे किंवा हिरवा-पिवळा पू येतो आहे.
- दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात.
- मांजर अचानक भिंतीला, भांड्याला धडकू लागले आहे.
- बोक्यांच्या भांडणात डोळ्यावर नख लागले आहे. नखाची जखम वरून टाचणीएवढी असते, पण पू आत होतो.
- डोळ्यात कुसळ किंवा काटा रुतला आहे. पाण्याने वाहून गेला तर ठीक. रुतलेला असेल, तर चिमट्याने ओढू नये.
- वाहनाची धडक बसून डोळा बाहेर आला आहे. तो आत ढकलू नये. मिठाच्या पाण्याने भिजवलेले स्वच्छ फडके वर ठेवून तडक निघावे.

चुना किंवा फवारणीचे औषध डोळ्यात उडाले, तर मात्र निघण्यापूर्वी घरीच स्वच्छ पाण्याची बारीक धार पंधरा मिनिटे डोळ्यावर सोडावी, मग दवाखाना. चुना डोळा जाळत जातो, म्हणून इथे पहिले पाणी महत्त्वाचे.

पिल्लांकडे वेगळे लक्ष हवे. त्यांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. उघडण्याआधीच पापणी फुगली असेल, तर आत पू साठलेला असतो. तो दाबून काढू नये आणि पापण्या बोटांनी ओढून उघडू नयेत. पिल्लू त्याच दिवशी दाखवावे. उशीर झाला, तर ते जन्माचे आंधळे होते.

हे मुळीच करू नये

माणसाच्या उरलेल्या थेंबांविषयी वर सांगितलेच. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असे लिहिले असेल, तर त्यात स्टिरॉइड आहे असे समजावे. ते सूज उतरवते, म्हणून डोळा सुधारल्यासारखा दिसतो, पण ओरखडा असेल तर तो भरू देत नाही. ओरखडा आहे की नाही, हे नुसत्या नजरेने आपल्याला कळत नाही. डॉक्टर डोळ्याला केशरी रंगाची पट्टी लावतात. जखम असेल, तर निळ्या उजेडात ती जागा हिरवी चमकते. ही तपासणी झाल्यावरच कोणते औषध ते ठरते.

गुरांच्या डोळ्यात तंबाखूचे पाणी किंवा मीठ टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे. ते गुरांनाही वाईट आणि मांजरालाही वाईट. हळद, काजळ, लिंबू, मध यांपैकी काहीच डोळ्यात घालू नये. दुखते आहे म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. माणसाची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतते.

दवाखान्यात नेताना

झाकणाची करंडी किंवा भोके पाडलेले खोके घ्यावे, आत जुने फडके घालावे. दुखणारे मांजर घरच्यालाही ओरबाडते, म्हणून त्याला टॉवेलात गुंडाळून धरावे. चावले किंवा ओरखडले, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात जावे. मांजराला हात लावल्यावर हात धुण्याची सवय मुलांनाही लावावी.

दुखणे केव्हापासून, कोणता डोळा, भांडण झाले का, खाते का आणि घरी काय घातले, एवढे डॉक्टरांना नीट सांगावे. काही चुकीचे घातले असेल, तर ते लपवू नये. सकाळी मोबाईलवर डोळ्याचा फोटो काढून ठेवला, तर संध्याकाळी फरक लगेच कळतो. ज्या घरची माणसे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने जातात, तिथे घरी राहणाऱ्या आजी-आजोबांवर ही नजर सोपवावी.

जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आणि त्याची वेळ काय, हे दुखणे येण्याआधीच विचारून ठेवावे. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा फुकट फोन क्रमांक आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असला, तरी चौकशीला उपयोगी पडतो. डोळ्याची शस्त्रक्रिया लागण्याइतके दुखणे असेल, तर डॉक्टर मुंबईला पाठवतात. परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलेच बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ आहे. तिथे जाताना इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यावी.

औषध मिळाल्यावर ते सांगितले तितके दिवस घालावे. डोळा उघडला म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करू नये. बाटलीचे टोक डोळ्याला टेकवू नये. मांजर चोळत असेल, तर पुठ्ठ्याची गोल पट्टी गळ्याभोवती बांधावी.

एवढे सगळे लक्षात राहिले नाही, तरी एक खूण पाठ करावी : उघडा डोळा एक दिवस थांबेल, मिटलेला डोळा आजच दाखवावा. आमच्या घरी मनीनंतर आलेल्या मांजराचा डोळा मागच्या झोडणीला असाच मिटला. आईने खळ्यावरचे सूप तिथेच ठेवले आणि टोपली मागितली. ओरखडा लहान होता, आठवड्यात भरला. मांजर आता दोन्ही डोळ्यांनी उडवीवर पहारा करते आहे.