काळ्या नळीतली मींड

पेटीवर मींड निघत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधला सूर हरवतोच. मग जिच्या अंगावर चांगल्या सतरा चाव्या बसविलेल्या असतात, त्या क्लॅरिनेटवर तरी ती कशी निघावी? परंतु निघते! नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीला एका लग्नाच्या वरातीत मी ती अगदी जवळून पाहिली. ऐकली म्हणण्यापेक्षा पाहिलीच.

बँडमधले ते गृहस्थ सुराच्या भोकावरून बोट उचलीत नव्हते, हळूहळू सरकवीत होते. क्लॅरिनेटची सात भोके उघडी असतात, ती बोटांनीच झाकायची. शिवाय खालचा ओठ वेताच्या पत्तीवर टेकलेला असतो. तो जरा सैल सोडला की सूर खाली ओघळतो. बोट, ओठ आणि गळा ह्या तिघांच्या संगनमताने मींड होते.

खरी परीक्षा पुढेच आहे. बासरीत जोराने फुंकले की सूर एक सप्तक वर जातो; क्लॅरिनेट मात्र सप्तक ओलांडून थेट वरच्या पंचमावर उडी घेते. त्यामुळे खालची आणि वरची बोटे सारखी नसतात, आणि मध्ये एक सांधा येतो. एका सुराला सारी भोके उघडी, तर लगतच्या सुराला जवळजवळ सारी बंद! हा सांधा ऐकणाऱ्याला न कळू देता ओलांडणे म्हणजे सुईत चालत्या गाडीतून दोरा ओवणे.

हे नखरे काही आपल्याच बँडवाल्यांचे नव्हेत. न्यूयॉर्कमध्ये 1924 साली गेर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'च्या आरंभी रॉस गॉरमनने अशीच एक लांबलचक घसरण घेतली आणि ती अमर झाली. चीनमध्ये तर लोकसंगीतावर बेतलेल्या मैफलीच्या रचनांत क्लॅरिनेटवाल्याला सुओनाची लकब गळ्यात उतरवावी लागते. हे सुओना म्हणजे आपल्या सनईचे चुलतभावंड; नावही पश्चिमेकडच्या 'सुरना'वरून आलेले. म्हणजे तिथेही पाहुण्या वाद्याने घरच्या वाद्याची बोली शिकायची. तमिळनाडूत ए. के. सी. नटराजन ह्यांनी ह्याच वाद्यावर आयुष्यभर कर्नाटक राग वाजविले. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली.

आपल्या वरातीतल्या कलावंताला मात्र 'बँडवाला' ह्यापलीकडे नाव नाही. ही मंडळी स्वरलिपी वाचोत न वाचोत, गाणे आधी गळ्याने पाठ करतात आणि मग बोटांना शिकवितात. माझ्या मते मींड येते ती ह्याच क्रमामुळे. अलीकडे कित्येक बँडांत गाडीवर कीबोर्ड चढला आहे. त्याच्या डाव्या बाजूला सूर वाकविण्याचे एक चाक असते. अंगठ्याने फिरविले की झाले. पत्ती ओली करावी लागत नाही आणि वरात लांबली तरी ओठ सुजत नाहीत. कळसाडीच्या त्या गृहस्थांचे ओठ सुजले होते. वरात मांडवापाशी पोचल्यावर त्यांनी पत्ती सोडवून रुमालात गुंडाळली आणि पहिल्यांदा पाणी मागितले.