दोन सरवटे आणि एक खातेवही

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी परगावचा पाहुणा भेटला, तर तो बहुधा सरवटे बसस्थानकाची वाट विचारतो. ते नाव विनायक सीताराम सरवटे यांचे. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते सरवटे निराळे. ते म्हणजे क्रिकेटपटू चंद्रशेखर त्रिंबक, अर्थात चंदू सरवटे. प्रवास मात्र यांच्याही वाट्यास भरपूर आला.

सागर येथे 1920 साली जन्मलेले सरवटे मध्य प्रांत-वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई, होळकर, मध्य भारत, मध्य प्रदेश आणि विदर्भ अशा सात संघांतून रणजी करंडकाचे सामने खेळले. पिशवीत हत्यारे घालून गावोगाव कामास जाणाऱ्या कारागिराची येथे आठवण होते. पण गंमत अशी की, यांतील काही बदल त्यांनी केलेच नाहीत. 1955 साली होळकर संघ संपून मध्य भारत संघ आला. 1956 साली ते राज्यच मध्य प्रदेशात विलीन झाले. खेळाडू इंदुरातच राहिला, नकाशा तेवढा बदलला!

त्यांचे कसोटीतील आकडे पाहिले तर मन खट्टू होते. 9 सामने, 208 धावा आणि अवघे 3 बळी. परंतु प्रथम श्रेणीच्या खातेवहीत 171 सामने, 7430 धावा, 14 शतके आणि 494 बळी जमा आहेत. माणूस एकच, मग ही तफावत कशी?

याचे एक उत्तर त्यांच्या कामाच्या स्वरूपात सापडते. 1946 साली ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध ते दहाव्या क्रमांकावर आले. 9 बाद 205 अशी अवस्था असता शूट बॅनर्जींसह त्यांनी अखेरच्या गड्यासाठी 249 धावा जोडल्या. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. दहाव्या व अकराव्या फलंदाजांनी एकाच डावात शतके काढण्याचा हा योग पुन्हा जुळून येण्यास 2024 साल उजाडावे लागले. तेव्हा मुंबईच्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी तो साधला. हेच सरवटे पुढे ऑस्ट्रेलियात कसोटीत चक्क सलामीस गेले आणि मेलबर्नला विनू मांकड यांच्यासह त्यांनी 124 धावांची सलामी दिली. जेथे जागा रिकामी, तेथे हा माणूस उभा!

आपल्या घरी मात्र त्यांचे मोल पुरते उमगले होते. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. 1945-46 च्या मोसमात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी 8 बाद 912 धावांचा डोंगर रचला. त्या डावात सहा शतके झाली व त्यांतील एक सरवट्यांचे होते. शिवाय त्याच सामन्यात एका डावात त्यांनी 61 धावांत 9 बळी घेतले.

त्या काळी क्रिकेटवर चूल पेटत नसे. सरवटे कायद्याचे पदवीधर होते आणि व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. 1983 सालचा विश्वविजेता संघ निवडणाऱ्या समितीतही ते बसले. 2003 साली इंदुरातच त्यांचे निधन झाले.

आम्ही शिक्षक मुलांना वार्षिक परीक्षेच्या एका दिवसावरून तोलतो, वर्षभराची हजेरी मात्र विसरतो. 1936-37 पासून 1968-69 पर्यंत मैदानावर हजर राहिलेल्या या माणसाचा ठसा पाहावयाचा, तर त्या नऊ कसोट्यांत नव्हे, हजेरीपटावरच शोधावा लागेल.