इंजिन बदललं, एसी रुसला. गॅस भरण्याआधी हे बघा



इंजिन कामातून गेलं की दुसरं जुनं इंजिन बसवून गाडी चालती ठेवायची, ही आपल्याकडची रीत. गाडी चालते, पण एसी मात्र रुसतो.

गेल्या उन्हाळ्यात एक बागायतदार आजारी आईला जीपमधून दवाखान्यात घेऊन आले होते. गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळ भेट झाली. म्हणाले, "साहेब, इंजिन बदलल्यापासून तीनदा गॅस भरला. गाडी पळताना गार हवा येते, उभी राहिली की गरम. म्हातारीचा जीव कासावीस होतो."

दोष त्यांच्या बोलण्यातच होता. दुसरं इंजिन थोडं मागे बसलं होतं. त्यामुळे पंखा रेडिएटरपासून लांब गेला आणि पंख्याभोवतीचं कडं मिस्त्रीने काढून ठेवलं. पळताना समोरून वारा मिळायचा. उभ्या गाडीत कंडेन्सरच्या जाळीतून वारा ओढलाच जात नव्हता. जाळीला विजेचा पंखा लावला, काम झालं. गॅसचे पैसे मात्र पाण्यात गेले.

ध्यानात ठेवा, हा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. गळती न काढता गॅस भरणं म्हणजे फुटक्या पाइपलाइनवर मोटर चालवणं.

विहिरीवरचं इंजिन बदललं की आपण पुलीचा घेर बघतो, कारण फेरे बदलले की पाणी बदलतं. इथंही तसंच. या क्रमाने तपासा :

१) पट्टा : इंजिन बंद करून बघा. कॉम्प्रेसरची पुली इंजिनाच्या पुलीशी एका रेषेत हवी. ब्रॅकेट वाकडं असेल तर पट्टा घसरतो, चिरकतो, झिजतो.

२) क्लच : इंजिन चालू करून एसीचं बटण दाबा. कॉम्प्रेसरशी 'टक्' असा आवाज येऊन पुढची चकती फिरली पाहिजे. नाही फिरली तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विचची वायर आणि अर्थिंग बघा. इंजिन उतरवताना वायर सुटलेली असू शकते. गॅस फार कमी असला तरी हा स्विच क्लच लागू देत नाही.

३) पंखा : उभ्या गाडीतच हवा गरम येत असेल तर दोष बहुधा इथं. जाळीतली धूळ, काडीकचराही काढा.

४) नळ्या : जोडाशी तेलकट डाग म्हणजे गळतीची खूण. नळी सायलेन्सरच्या पाइपाला टेकू देऊ नका. नळ्या उघड्या राहिल्या असतील तर आत दमट हवा शिरते. मग ड्रायर नवा घालून व्हॅक्यूम करणं भाग आहे.

५) गॅस : सर्वांत शेवटी, तोही वजन करून. फार जुन्या गाड्यांत आर-१२, पुढच्या गाड्यांत आर-१३४ए. दोन्हींचं तेल वेगळं, मिसळू नका. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो. नळी स्वतः खोलू नका, उडालेला गॅस डोळ्याला, कातडीला इजा करतो.

सरपंच आणि गावकामगार मंडळींनी एक गोष्ट गावात जरूर सांगावी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे बदललेल्या इंजिनाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. इंजिन क्रमांक कागदाशी जुळला नाही, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

तेव्हा मिस्त्रीकडे गेल्यावर "गॅस भरा" म्हणू नका. "आधी दोष दाखवा" म्हणा.