मातृवियोग, अनिश्चितता आणि बॉनेट माकड : अनुबंधविषयक प्राणी-अभ्यासांचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

बालमानसशास्त्रात शिशूचा मातेशी असलेला अनुबंध शिकविताना आपण बहुधा हॅरी हार्लो यांच्या प्रयोगापाशी थांबतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात ऱ्हिसस माकडाच्या पिल्लांपुढे दोन कृत्रिम माता ठेवल्या होत्या, एक तारेची व एक मऊ कापडाची. दूध तारेच्या मातेकडून मिळत असले तरी पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ कापडी मातेला बिलगून राही. 1958 मध्ये मांडलेल्या या निष्कर्षाने ‘जो अन्न देतो त्याच्याशी नाते जुळते’ ही तत्कालीन समजूत मोडीत काढली. त्याच वर्षी जॉन बोल्बी यांनी माता-शिशू बंधाविषयीची आपली मांडणी प्रसिद्ध केली. हार्लोंच्या माकडांमुळे तिला प्रायोगिक आधार लाभला.

ऱ्हिसस ही मुख्यतः उत्तर भारतातील जाती आहे. त्या काळी अमेरिकी प्रयोगशाळांना तिचा मोठा पुरवठा भारतातूनच होई. 1978 मध्ये भारताने ही निर्यात थांबविली. मालवण, कुडाळ, सावंतवाडी परिसरातील माडांच्या बागांत आणि कौलांवर दिसणारे लाल तोंडाचे माकड मात्र वेगळे. ते ‘मकाका रेडिएटा’, म्हणजेच बॉनेट माकड. दक्षिण भारतापुरतीच मर्यादित असलेल्या या जातीने अनुबंधाच्या प्रश्नाला निराळे उत्तर दिले आहे. आपल्या वर्गांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

वियोगाची दोन उत्तरे

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे चार्ल्स कॉफमन व लिओनार्ड रोझेनब्लम यांनी 1960 च्या दशकात दोन जातींच्या माकडांचे कळप पाळले होते. एक बॉनेट, दुसरी आग्नेय आशियातील पिगटेल. दोन्ही कळपांत पिल्लाला तेथेच ठेवून केवळ आईला दूर नेण्यात आले. पिगटेल पिल्ले प्रथम सैरभैर झाली. एक-दोन दिवसांनंतर त्यांपैकी बहुतेक अंगाचे मुटकुळे करून, खेळ सोडून, निश्चल बसू लागली. कळपातील इतर माद्यांनी त्यांना जवळ केले नाही. अनाथालयांतील बालकांच्या खिन्नतेचे जे वर्णन रेने स्पिट्झ यांनी केले होते, त्याची आठवण व्हावी असेच हे दृश्य होते.

बॉनेट पिल्लेही आरंभी बेचैन झाली. परंतु ती अन्य माद्यांच्या कुशीत शिरली आणि त्या माद्यांनी त्यांना सामावून घेतले. तीव्र खिन्नता त्यांच्यात आढळली नाही. याचे कारण वियोगाच्या क्षणात नसून त्याआधीच्या जीवनक्रमात आहे. बॉनेट माद्या एकमेकींना खेटून बसतात आणि इतरांना आपले पिल्लू हाताळू देतात. पिगटेल माता त्याला इतरांपासून राखते. म्हणजे आई गेल्यावर काय होईल हे, आई असताना पिल्लाभोवती किती जणी होत्या यावर बरेच अवलंबून असते.

आई समोर असूनही

रोझेनब्लम यांचे पुढील काम मला अधिक मोलाचे वाटते. 1984 मध्ये त्यांनी व पॉली यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉनेट मातांना पिल्लांपासून तोडलेच नाही. बदलले ते फक्त अन्न मिळविण्याचे कष्ट. एका गटाला अन्न सहज मिळे, दुसऱ्याला ते भुशातून सतत शोधावे लागे. तिसऱ्या गटाची स्थिती दर दोन आठवड्यांनी पालटे. उपासमार कोणत्याही गटाची नव्हती. सर्वाधिक बिघाड तिसऱ्या गटात दिसला. तेथील माता अस्वस्थ होत्या, पिल्ले आईला अधिक चिकटून राहत, खेळ व शोधवृत्ती मंदावली, आणि काही पिल्ले तर आई जवळ असूनही खिन्न झाली. कष्टापेक्षा अनिश्चितता जाचक ठरली. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोप्लन व सहकाऱ्यांच्या संशोधनात, अशा मातांनी वाढविलेल्या माकडांच्या मेरुद्रवात, ती मोठी झाल्यावरही, तणावाशी निगडित कॉर्टिकोट्रोपिन-मोचक घटकाचे प्रमाण वाढलेले आढळले.

माकडांवरून माणसांविषयी थेट अनुमान काढणे अशास्त्रीय होय. तरीही या अभ्यासांतून आपल्या परिसराला विचारण्याजोगे प्रश्न निघतात. पहाटे मासळी बाजारात जाणाऱ्या मातेचे मूल आजीकडे किंवा काकीकडे असते. केवळ हार्लो शिकलेला विद्यार्थी यास ‘मातृवंचना’ म्हणून मोकळा होईल. बॉनेटचा अभ्यास वाचलेला विद्यार्थी प्रथम विचारील की त्या आजीची कूस मुलाला आधीपासून परिचित आहे काय. तसेच 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी म्हणजे ठाऊक असलेली टंचाई, तर ऐन हंगामात जाळे रिकामे येणे ही न ठाऊक असलेली. या दोहोंचा घरातील लहान मुलाच्या वर्तनावर होणारा परिणाम वेगळा असेल का, हा पदव्युत्तर प्रकल्पाचा उत्तम विषय ठरावा.

पदवीच्या विद्यार्थ्यांना तर पिंजरा किंवा वियोग, कशाचीच गरज नाही. महाविद्यालयाजवळ येणाऱ्या कळपातील एक माता निवडावी, तिला खाऊ न देता दुरून पाहावे आणि दर पाच मिनिटांनी तीनच गोष्टी नोंदवाव्यात : पिल्लू कोणाच्या अंगावर आहे, ते कोणी मागून घेतले, आणि आईने ते दिले की ओढून परत घेतले.